मामाजींचे काटकोन

चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत निसर्गाने जे जे भरमसाठ करून ठेवलं आहे, ते कापूनछाटून माणसाच्या डोळ्यांत मावेल एवढं करण्याचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि तो माणूस आमच्या हिचा मामा होता, हे सांगताना आजही माझ्या शर्टाची बटणं ताणली जातात.

मामाजी वडशाला नाटकांचे पडदे रंगवायचे. दिवाळी झाली की आमच्या या जंगलमुलखात, झाडीपट्टीत, गावोगाव नाटकं लागतात. त्यांतला राजवाडा, तुरुंग, देऊळ आणि जंगल बहुतेक मामाजींच्या हातचं असे. त्यामुळे सबंध जगाकडे ते पडदा म्हणूनच बघत. खिशात कायम पुठ्ठ्याचे दोन काटकोन. नाटकाच्या एका जुन्या पाटीतून कापलेले. एकावर ‘तीन अंकी’ एवढीच अक्षरं उरली होती. ते समोरासमोर धरले की चौकट व्हायची, हवी तशी सरकवता यायची. चौकटीत जे आलं ते खरं, बाहेर राहिलं ते विंगेत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्यावरही त्यांनी ते धरले होते आणि माझ्या फुगवलेल्या केसांकडे बघत भाचीला भर बैठकीत सांगितलं होतं, “पोरगा बरा आहे. वरून थोडा कापला तं आनखी चांगला दिसन.” मी मुकाट्याने न्हाव्याकडे गेलो आणि लग्न जमलं. तेव्हापासून त्यांच्या सूचना मी हसण्यावारी नेल्या नाहीत.

माझी नोकरी गडचिरोलीला, कचेरीत. ऐंशी सालानंतर कधीतरी मी कॅमेरा घेतला आणि सुटीच्या दिवशी एस.टी.ने आलापल्लीच्या सागवनात जाऊन दिसेल त्याचे फोटो काढू लागलो. चंद्रपूरच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आले की पहिली गाडी वडशाची. मामाजींचा एक नियम होता: आधी चांगलं बोलायचं. माझ्या पहिल्या रोलातला फोटो त्यांनी उजेडाला धरला, उलटसुलट केला आणि गंभीरपणे म्हणाले, “कागद भारी आहे.”

“आणि फोटो, मामाजी?”

“लय झाडं आहेत.”

“हो ना! सगळीच्या सगळी मावली,” मी फुशारकीने म्हणालो.

“मावली, बरोबर. पन पाहू कोनाले? अन् हिरोची एंट्री कुठून?”

हे एंट्रीचं त्यांचं खूळ मोठं होतं. फोटोत पायवाट हवी, नाला हवा, निदान दोन झाडांमधली फट तरी हवी. “माणसाची नजर आत जाईन कशी? तुमी तं दारच लावून घेतलं, जावईबापू.” असं म्हणत ते काटकोन सरकवू लागत. आभाळ जाई, डावीकडची गर्दी जाई, आणि शेवटी उन्हातलं एक खोड आणि त्याच्याकडे जाणारी वाट एवढंच उरे. माझं अख्खं जंगल काडेपेटीएवढं व्हायचं. पण त्या काडेपेटीत आपण आत शिरलो आहोत असं मात्र वाटायचं, आणि ते मलाच सुचलं होतं असं मी कचेरीत खुशाल सांगायचो.

माझी खोड दुसरीच होती. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, सूर्य पाठीमागे ठेवा. सरकारी माणूस मी. लेखी आदेश पाळला. परिणामी संध्याकाळच्या प्रत्येक फोटोत खाली माझी लांबलचक सावली, टोपीसकट. “जावईबापू, तुमी रस्त्यात काऊन झोपून राह्यले?” असं विचारून मामाजी दरवेळी मला कापून टाकत. मामींना तर मी तेवढ्यावरूनच ओळखू येई: “आले, जावई लेटले!”

माझी एकच महत्त्वाकांक्षा उरली. ज्याच्यावर मामाजी काटकोन ठेवणार नाहीत असा एक तरी फोटो काढायचा.

एकदा सागवनातल्या गाडीवाटेचा फोटो घेऊन गेलो. सावली होतीच. मामाजींनी काटकोन खालून वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. मग दोन्ही काटकोन खिशात घातले. या वेळी त्यांनी कागदाचंही कौतुक केलं नाही. “हा राहू द्या माह्यापाशी,” एवढंच. मी समजलो, हा सुधारण्यापलीकडचा निघाला, जप्त झाला. पावसाळाभर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी वडशाला गेलो तर मामाजींच्या घरामागच्या मोकळ्या जागेत नवा पडदा वाळत घातलेला. जंगलाचा. मी बघतच राहिलो. माझी गाडीवाट, माझे साग, आणि खाली वाटेवर आडवी पडलेली टोपीवाली सावली!

“मामाजी, ही कापायची राहिली!”

“राह्यली नाई, ठेवली. थे कापली तं वाटही जाते. पाहून घेतलं मी.” ब्रश पुसत त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “अन् कोनीतरी उभा राहून पाहून राह्यला, म्हून तं जंगल दिसते. एंट्री तुमचीच आहे.”

तो पडदा पुढे कितीतरी गावं फिरला. पुढच्या रांगेतले लोक माझ्या सावलीला मेलेलं अस्वल समजत, हे मला मागाहून कळलं. पण मी मात्र कचेरीत, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत सांगत सुटलो की झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आपण कायम असतो. भूमिका पडून राहण्याची आहे, पण पहिल्या अंकापासून आहे.

पुढे मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दिसेनासं झालं. पडदे थांबले. तरी मी फोटो घेऊन जायचोच. ते बोटांनी कडा चाचपत, आणि मी काय काय आहे ते सांगायचो. शेवटच्या खेपेला त्यांनी विचारलं, “एंट्री कुठून?”

“डावीकडून, मामाजी. नाल्याच्या काठाने.”

“अन् खाली तुमी आहा ना?”

त्या फोटोत सावली नव्हती. इतक्या वर्षांत तेवढं मी शिकलो होतो.

“आहे, मामाजी.”

“मंग राहू द्या,” फोटो माझ्या हातात देत ते म्हणाले. “कापू नोका.”