पडद्यावरचा पंच

भांडणाऱ्या माणसांचं टिचकीला कधी वावडं नव्हतं. ओरडा, चेंडू आपटा, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करा, त्याचं काही म्हणणं नसे. त्याचं डोकं फिरायचं ते "पुन्हा एकदा बघू या" म्हणणाऱ्यांमुळं. झालेली गोष्ट पुन्हा काय बघायची, हे त्याला उभ्या जन्मात कुणी पटवून दिलं नव्हतं.

टाईल्सच्या कारखान्यात तो तपासनीस होता. भट्टीतून निघून गार झालेल्या टाईल्स पट्ट्यावरून त्याच्यासमोर सरकत येत आणि तो प्रत्येकीला एक टिचकी मारी. टणकन वाजली तर पास. बद्द वाजली तर आत तडा आहे, टाक बाजूच्या पेटीत. त्यावरूनच त्याला हे नाव पडलं आणि असं चिकटलं, की खरं नाव बायकोला आणि पगारपत्रकालाच काय ते ठाऊक उरलं. पट्टा कुणासाठी थांबत नसे, त्यामुळं दुसरी टिचकी मारायची सोय नव्हती. हीच सवय घेऊन तो सुट्टीच्या दिवशी मैदानात उतरायचा.

कारखान्या-कारखान्यांच्या फुटबॉल स्पर्धेचा तो पंच होता. त्याबद्दल मिळायचं काय, तर एक टोपी, दोन वेळा चहा आणि हव्या तेवढ्या शिव्या. पण एक गोष्ट त्याला तिथं मिळायची जी दुसरीकडं कुठंच मिळत नव्हती. घरात बायकोचा शब्द शेवटचा, कारखान्यात फोरमनचा. मैदानात मात्र त्याचा. शिट्टी वाजली की बावीस दांडगे बाप्ये पाय आपटत का होईना, पण गप्प व्हायचे. एवढंच त्याचं वैभव होतं, आणि या वर्षी स्पर्धेच्या चिटणीसानं नेमका त्यालाच हात घातला.

"मोठ्या सामन्यांत आता सगळीकडं हेच चालतं," बैठकीत चिटणीस म्हणाला. "शंका आली की व्हिडिओ बघायचा. पंचाला तेवढीच मदत."

"मी मागितलीय मदत?" टिचकी म्हणाला.

"तसं नाही हो. पण गेल्या वर्षी तुम्ही उपांत्य सामन्यात ती पेनल्टी दिलीत..."

"दिली. मग?"

"ती चुकली होती."

"चुकली असेल! मी काय देव आहे? मी सगळ्यांसमोर चुकलो, लोकांनी मला पोटभर शिव्या घातल्या, विषय संपला. आता काय होणार? सामना थांबणार, सगळे टीव्हीभोवती कोंडाळं करणार आणि ज्याला त्याला आपापलं दिसणार. आणि सावकाश करून बघितलं ना साहेब, तर नुसता धक्कासुद्धा खुनासारखा दिसतो."

"ज्यांचा संघ त्या पेनल्टीनं हरला, त्यांचा विषय नाही संपला," चिटणीस शांतपणे म्हणाला.

यावर टिचकी आणखी चिडला. समितीनं त्याचं म्हणणं माना डोलवत ऐकून घेतलं आणि चिटणीसाचा ठराव एकमतानं मंजूर केला. प्रत्येक संघाला सामन्यात एकदा व्हिडिओ मागता येईल, असं ठरलं. टीव्ही म्हणे आधीच सांगून ठेवला होता. आणि जखमेवर मीठ म्हणून कॅमेऱ्याचं काम कुणाला, तर टिचकीच्या मेहुण्याला.

"घरचाच माणूस आहे. तुमच्याच सोयीचं," चिटणीस म्हणाला.

घरी बायकोला ही बातमी आधीच पोचली होती. "बरं झालं की," ती म्हणाली. "आणि तुमचं काय बिघडतंय? खरं काय ते सगळ्यांना दिसेल."

"खरं काय ते मी सांगतोच ना!"

"परवा गॅस बंद केला म्हणून सांगत होतात. पातेल्याचा कोळसा झाला."

"पातेल्याचा इथं काय संबंध?"

"काही नाही. आपलं आठवलं," असं म्हणून ती आत गेली. पंचांच्या घरी अपील चालत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. फक्त पंच कोण याबद्दल तिचा टिचकीशी मतभेद होता.

मेहुणा लग्नाच्या व्हिडिओंचा माणूस. त्याचा हात सफाईचा होता, नाही असं नाही, पण त्या हाताला वळण लागलं होतं ते लग्नघरचं. कॅमेरा आपोआप मानाच्या माणसाकडं वळायचा, नाहीतर रडणाऱ्या बाईकडं, नाहीतर जेवणाऱ्या पाहुण्याकडं. अंतिम सामन्याच्या आधी एक सराव सामना ठेवला, त्यात याची प्रचीती आली. पेनल्टीची हद्द होती, एक खेळाडू आडवा पडला, कर्णधारानं व्हिडिओ मागितला. सगळे तंबूत टीव्हीसमोर जमले. पडद्यावर समितीचे अध्यक्ष जांभई देत होते. जांभई संपली, मग कुणाचं तरी गोंडस बाळ आलं, मग पुन्हा अध्यक्ष. आणि हे सगळं सावकाश, मागं मंद बासरी.

"बासरी कसली ही?" टिचकी किंचाळला.

"ती आपोआप लागते, दाजी," मेहुणा ओशाळून म्हणाला. "सावकाश केलं की लागते. बंद कशी करायची ते बघतो."

"आणि चेंडू कुठाय?"

"चेंडू... चेंडू फार पळतो हो."

टिचकीनं कपाळावर हात मारून घेतला. त्याला वाटलं, आता तरी हे खूळ सुटेल. पण चिटणीस म्हणाला, सुरुवातीला असं व्हायचंच. आणि मेहुण्याला त्यानं दम दिला, की कॅमेरा चेंडूवरच राहिला पाहिजे. मेहुण्यानं मान हलवली.

अंतिम सामना रंगवाले आणि बिस्किटवाले यांच्यात होता. रंगाच्या कारखान्याचा संघ उंचापुरा, बिस्किटांच्या कारखान्याचा चपळ. ऊन होतं, वारा होता, मैदानावर धूळ उडत होती. सगळा सामना बरोबरीत चालला होता आणि खरं सांगायचं तर टिचकी त्या दिवशी उत्तम खेळवत होता. धावत होता, ओरडत होता, दोन आगाऊ पोरांना त्यानं जागच्या जागी बसवलं होतं. व्हिडिओ कुणी मागितला नव्हता. तंबूतला टीव्ही गप्प बसून होता आणि टिचकीला मनातून आसुरी आनंद होत होता.

सामना संपत आला तेव्हा रंगवाल्यांच्या एकानं मैदानाच्या मध्यातूनच चेंडू असा काही हाणला, की बिस्किटवाल्यांच्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून गेला, आडव्या खांबाला खालून थडकला आणि खाली आदळला. तिथून उसळून तो गोलरक्षकाच्या हातात आला. लाइनमन बिचारा अर्ध्या मैदानावर मागं राहिला होता. रेषेच्या आत पडला की बाहेर? टिचकीनं शिट्टी फुंकली आणि मध्यवर्तुळाकडं बोट केलं. गोल!

बिस्किटवाल्यांचा कर्णधार धावत आला. "बाहेर होता! व्हिडिओ!"

"मी दिलाय ना? झालं."

"आमचा हक्क आहे. व्हिडिओ!"

हक्क होता, ते खरं होतं. अख्खं मैदान तंबूकडं लोटलं. टिचकी दात खात मागून गेला. मेहुण्यानं घाम पुसत बटणं दाबली आणि पडद्यावर चित्र आलं. चेंडू नव्हता. गोल नव्हता. पडदाभर होता तो टिचकी.

"हे काय?" चिटणीस म्हणाला.

"ताईनं सांगितलं होतं," मेहुणा पुटपुटला. "इतकी वर्षं शिट्टी मारतायत, घरात एक धड फोटो नाही म्हणाली. यांना नीट घे म्हणाली. म्हणून जरा वेळ..."

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. पडद्यावरच्या टिचकीचं तोंड हळूहळू वाकडं झालं. नाक वर गेलं, डोळे मिटले, आणि त्यानं एक भलीमोठी, सावकाश, लांबलचक शिंक दिली. पार्श्वभूमीला खांबाचा ठण्ण आवाज आला तो शिंकेच्या ऐन मध्यात. मग डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं, आणि मोठ्या रुबाबात बोट मध्यवर्तुळाकडं गेलं. बासरी अजून बंद झाली नव्हती. माशी शिंकली असती तर एकवेळ चाललं असतं. इथं पंचच शिंकला होता.

आधी कुणीच हसलं नाही. मग मागून एकजण फिसकला आणि अख्खा तंबू फुटला. "पुन्हा लाव!" कुणीतरी ओरडलं. मेहुण्याच्या हातानं सवयीनं खरंच पुन्हा लावलं. टिचकी दुसऱ्यांदा शिंकला. त्याचे कान तापून लाल झाले. आपण इथून चालू लागावं, टोपी त्या टीव्हीवर फेकावी आणि घरी जाऊन बायकोशी आठवडाभर बोलू नये, असं त्याला वाटलं.

"तुम्ही बघितलाच नाहीत!" कर्णधार बोट रोखून म्हणाला.

टिचकीला खोटं बोलता आलं असतं, पण पडद्यावर तो तिसऱ्यांदा शिंकत होता.

"नाही बघितला," तो म्हणाला. "मला दिसला नाही."

"मग दिलात कसा?"

"याच्या तोंडावरून." त्यानं बिस्किटवाल्यांच्या गोलरक्षकाकडं हात केला. तो मागं चेंडू कवटाळून उभा होता. बिस्किटांच्या भट्टीवर काम करणारा जाडजूड गडी. "डोळे उघडले तेव्हा चेंडू याच्या हातात होता. बाहेर पडला असता तर यानं लगेच लाथ मारून पुढं पाठवला असता. पण हा तिथंच उभा राहिला, पातेलं सांडल्यासारखा. बद्द वाजला हा. म्हणून दिला."

हे ऐकून आणखी हशा झाला. चिटणीस मात्र हसला नाही. त्यानं गोलरक्षकाला विचारलं, "काय रे, कुठं पडला होता?"

गोलरक्षकानं एकदा आपल्या कर्णधाराकडं बघितलं आणि एकदा चेंडूकडं.

"आत," तो म्हणाला. "चांगला हातभर आत होता."

"अरे गाढवा!" कर्णधार ओरडला.

"मग काय सांगू? होता आत."

"मग इतका वेळ तोंड शिवलं होतं का?" हे मात्र टिचकी ओरडला, आणि कर्णधारापेक्षा मोठ्यानं.

"मला विचारलं का कुणी? सगळे टीव्ही बघत होतात."

गोल कायम झाला. टिचकीचा निर्णय बरोबर होता. चिटणीसानं त्याच्या पाठीवर थाप मारली, मेहुणा कानाला हात लावून "माफ करा दाजी" म्हणाला, आणि सगळे पुन्हा मैदानात उतरले. थोडाच वेळ उरला होता. त्या वेळात टिचकीनं एकदा साधा थ्रो दिला, तर खेळाडूंच्या माना तंबूकडं वळल्या. एकदा फाउल दिला, तर धक्का बसलेल्यानंसुद्धा आधी तिकडंच बघितलं. कुणी शिवी दिली नाही. पाय आपटले नाहीत. आज प्रथमच त्याच्याशी कुणी भांडत नव्हतं, आणि टिचकीला त्याचीच इतकी चीड आली, की त्याला रडू येईल असं वाटलं.

वेळ संपली. त्यानं शेवटची लांब शिट्टी वाजवली. सामना संपला होता, रंगवाले जिंकले होते. पण कुणी हात उंचावले नाहीत की कुणी खाली बसलं नाही. बावीसच्या बावीस माणसं जागच्या जागी उभी राहून तंबूकडं बघत होती.

"अरे, संपला!" टिचकी ओरडला. त्यानं पुन्हा शिट्टी वाजवली, जीव खाऊन वाजवली.

मेहुणा गडबडून टीव्हीमागून बाहेर आला. त्यानं हातातल्या घड्याळाकडं बघितलं, आणि सगळ्यांना दिसेल असा अंगठा वर केला. तेव्हा कुठं रंगवाले नाचायला लागले.