दुर्गाडीवरची चौकशी

“हे तुम्हांला कोणी सांगितलं?”

हा प्रश्न भाऊसाहेबांच्या तोंडून ऐकला नाही असा माणूस तेव्हाच्या कल्याणात विरळाच. आज भरती लवकर येणार असं मी सहज म्हणावं, की त्यांची डावी भुवई वर चढायची आणि प्रश्न यायचा. मुलगा झाल्याची बातमी सुईणीनं बाहेर येऊन दिली, तेव्हाही त्यांनी तिला हेच विचारलं, असं त्यांची शेजारीण शपथेवर सांगे.

मामलेदार कचेरीत आम्ही दोघे शेजारी बसून कागदांच्या नकला उतरवीत असू. कोणी विडा दिला तर ते तो उलगडून पाहत. पलीकडे दोघे हळू आवाजात बोलू लागले, की मला म्हणत, “माझंच चाललंय.” असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. त्याची सवय होते आणि पुढंपुढं तर तो नसला की करमत नाही.

रविवारी संध्याकाळी आम्ही चौघे फिरायला दुर्गाडी किल्ल्यावर जात असू. भाऊसाहेब, मी, मराठी शाळेतले मास्तर आणि आमच्या आळीतले वैद्यबुवा. देवीचं दर्शन घ्यायचं आणि पडक्या बुरुजावर बसून खाडीतून जाणारे मचवे पाहायचे. एका रविवारी मिठानं भरलेला एक मचवा पाहून मास्तर म्हणाले, “मिठागरात राबणाऱ्यालाच घरी मीठ महाग व्हावं, असला कसला हा कर?”

“हळू बोला, मास्तर,” भाऊसाहेब कुजबुजले. “खाली कोळी आहे.”

खाली कोळी होता खरा, पण तो होडीत घोरत पडला होता.

थोड्याच दिवसांत बातमी आली. मास्तर सरकारविरुद्ध बोलतात अशी कागाळी रावसाहेबांच्या, म्हणजे आमच्या मामलेदारांच्या, कानावर गेली होती. आता मास्तरांची बदली पार जंगलपट्टीतल्या एका गावी व्हायची होती. मास्तरांची आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. बैलगाडीचा तो प्रवास तिला सोसणार नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा किल्ल्याकडे निघालो. मास्तरांचं ते मिठाबद्दलचं वाक्य ऐकणारे आम्ही तिघेच. वैद्यबुवांची रावसाहेबांकडे औषधपाण्यासाठी ये-जा होती. मी रोज कागदांवर सही घ्यायला त्यांच्यापुढं उभा राहत असे. मी वैद्यबुवांकडे चोरून पाहत होतो, वैद्यबुवा माझ्याकडे. आणि दोघांनाही मधूनच वाटे, सतत दुसऱ्यावर संशय घेणाऱ्या या गृहस्थाचंच तर हे काम नसेल?

बुरुजावर पोचताच भाऊसाहेबांनी सुरुवात केली.

“वैद्यबुवा, परवा रावसाहेबांकडे गेला होतात.”

“त्यांच्या आईला खोकला झाला होता.”

“खोकल्याला इतका वेळ?”

वैद्यबुवा ताडकन उठले. तेवढ्यात भाऊसाहेब माझ्याकडे वळले. “आणि तुम्ही?” इतकी वर्षं एका डब्यातलं खाल्लेल्या माणसाचा तो प्रश्न मला फार लागला. मास्तर मात्र खाडीकडे बघत म्हणाले, “राहू द्या हो. झालं ते झालं.”

इतक्यात आमच्या कचेरीतला पट्टेवाला देवीला नारळ घेऊन चढून आला. भाऊसाहेबांनी त्याला तिथंच गाठलं.

“मास्तरांचं बोलणं रावसाहेबांना कोणी सांगितलं?”

पट्टेवाला बावरला. “मीच की, भाऊसाहेब. कचेरीत कसली कुजबूज चाललीय, असं त्यांनी विचारलं. मग सांगितलं.”

“आणि तुला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच ना! मला व्हरांड्यात नेऊन विचारलंत, मास्तर मिठाच्या करावर बोलले ते कोणाच्या कानावर गेलंय का? मला तोवर काय ठाऊक? तुम्ही तर सगळ्यांनाच विचारत होतात.”

वैद्यबुवा काही बोलणार होते, पण मास्तरांनी त्यांचा हात धरला. भाऊसाहेबांनी खाली बसून पगडी काढून मांडीवर ठेवली. मग “मीच,” एवढंच म्हणून एकटे गड उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब रावसाहेबांच्या खोलीत शिरले. मी दाराशी कागद घेऊन उभाच होतो.

“मिठाबद्दलचं ते बोलणं माझं होतं,” ते म्हणाले. “मास्तर नुसते ऐकत होते.”

रावसाहेबांनी मला आत बोलावलं. “तुम्ही होतात ना तिथं? कोण बोललं?”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसानं कोणी दिलेल्या विड्यावरही कधी भरवसा ठेवला नाही, त्याला आता माझ्यावर भरवसा ठेवणं भाग होतं. मी काय बोलेन याची त्यांना खात्री नव्हती, ते स्पष्ट दिसत होतं.

“हेच बोलले,” मी म्हणालो.

मास्तर कल्याणातच राहिले. बदली झाली ती भाऊसाहेबांची, वसईला, कमी दर्जाच्या जागेवर. निघण्याच्या दिवशी आम्ही बंदरावर येतो म्हटलं, तर त्यांनी साफ मना केलं. “एकत्र दिसलो तर लोकांना पुन्हा शंका येईल. मास्तरांना त्रास नको.”

म्हणून आम्ही तिघे दुर्गाडीवर जाऊन उभे राहिलो. ओहोटीबरोबर त्यांचा मचवा बुरुजाखालून निघाला. वळकट्या, भांडी, मुलाला मांडीवर घेतलेली बायको. मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं काढून वर धरलं. तसे भाऊसाहेब हलत्या मचव्यात धडपडत उठले. नाखवा बसा, बसा म्हणून ओरडत होता. त्यांनी ऐकलं नाही. वळणाआड होईपर्यंत ते आमच्याकडे तोंड करून, हात जोडून उभे होते.