आडनाव

मी खुर्चीवरून उठले आणि मॅडमनी कीबोर्ड पुसायला घेतला. सॅनिटायझर टाकून, कापडानं, एकेक बटण. मी अजून दारातच होते.

पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच मला हाक मारून बोलावलं होतं. निकालपत्रकं छापली जात नव्हती, बाहेर पालक ताटकळलेले. मी फाइल दुरुस्त केली, प्रिंट काढून दिल्या. "किती हुशार आहेस गं," मॅडम म्हणाल्या. आणि पुसायला घेतलं. त्याच कीबोर्डवर क्लार्क वडा खाता खाता टाइप करायचा. त्याच्यामागनं कुणी कधी पुसलं नाही.

कोल्हापुरातल्या त्या खाजगी शाळेत मी शिपाई होते. बी.एस्सी. झालेली शिपाई. गडमुडशिंगीहून रोज यायचे. स्टाफरूमच्या खिडकीत माझा कप वेगळा. मॅडम मुख्याध्यापिका, त्यांना तो रोज दिसायचा.

घरी आईला सांगितलं. आई लोकांच्या रानात भांगलायला जायची. म्हणाली, "पुसू दे की. पगार तर पुसत न्हाईत."

तिचं बोलणं मला पटलं नाही. मोबाईलवर सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकायला लागले. दुसऱ्यानं केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम. चुका दिसूनही गप्प बसायची मला सवय लागलेली. इथं त्या लिहून द्यायच्या होत्या. मी रमले.

पुढं कोल्हापुरात, राजारामपुरीत त्याचाच क्लास लावला. तिथल्या सरांनी माझा बायोडेटा बघितला, आडनावावर पेन टेकवलं. "हे काढ. नुसतं वडिलांचं नाव ठेव. सोपं जाईल."

मी काढलं. तेव्हा लाज वाटली नाही. आज सांगताना वाटते.

नोकरी लागली. कंपनी पुण्याची, काम घरून. राजीनामा द्यायला गेले तर मॅडम मनापासून खूश झाल्या. पेढ्यांचा बॉक्स पुढं केला. "बरं झालं बाई. घरून काम म्हणजे तुझ्यासाठी उत्तमच. तू कोण, कुठली, कुणाला कळायचं कारणच नाही."

प्रेमानं म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं. आणि खोटं कुठं होतं? मी स्वतःच स्वतःला खोडून आले होते.

पेढा घेतला नाही. म्हटलं, "कळू दे की मॅडम. मी काय चोरी केली न्हाय."

"मी तसं म्हटलं का?"

"व्हय. तसंच म्हणालासा."

पहिल्या ऑनलाइन मीटिंगला स्क्रीनवर सात चेहरे. मी आडनावासकट नाव सांगितलं, गाव सांगितलं. टीम लीड हसत म्हणाला, "अच्छा. म्हणजे नेमके कुणातले तुम्ही?"

मी जात सांगितली. एकानं कॅमेरा बंद केला. मग काम सुरू झालं.

पुढं माझ्या मागनं नोकरीला लागलेल्या दोघांना बढती मिळाली. मला डावलायला कामात चूक सापडेना, तेव्हा माझ्या नावापुढं शेरा आला, "बोलण्यात सफाई नाही." कोल्हापूरचं बोलते मी. घरात बोलते तेच.

त्या शेऱ्याला मी लेखी हरकत घेतलीय. माझ्या कामातली चूक कुठली, असं विचारलंय. उत्तर आलेलं नाही. उद्या पुन्हा विचारणार. परवाही विचारणार. ही नोकरी गेली तर दुसरी शोधीन. आडनाव गाळून मिळणारी मात्र घेणार नाही.