आप्पांचा फिका चहा

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराच्या दुष्काळात आमच्या कचेरीतला माठ टँकर येईल तेव्हाच भरायचा. शेजारच्या टेबलावरच्या आप्पांना डॉक्टरांनी साखर बंद केली होती. चहावाला दिसला की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "माझा फिका हाय बरं." तो बिनसाखरेचा चहा संपला की टेबलाखालून थंड्याची बाटली निघायची. दिवसाला तीन.

"आप्पा, साखर यातच जास्त हाय," मी रोज कावायचो.

ते बाटली खिडकीच्या उजेडात धरायचे. "दाणा दिसायलाय का एखादा?"

त्यांच्या पायाची जखम महिनाभर भरत नव्हती, आणि हे दाणे शोधत होते.

एक दिवस माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या हातातली न उघडलेली बाटली ओपनरसकट हिसकावली आणि माठाच्या तळाचं पाणी ग्लासात काढून त्यांच्यापुढे आदळलं. आप्पा उठले, लंगडत दारापर्यंत गेले. तिथं सकाळपासून अर्ज घेऊन बसलेल्या म्हातारीच्या हातात त्यांनी तो ग्लास दिला.

परत येऊन हात पुढे केला. "दे आता."

मी बाटली दिली, ओपनर दिला नाही. त्यांनी ती दातानं उघडली.