घोट्याचा काळा दोरा

नव्वदीच्या दशकात मी इंदापूरच्या एसटी स्टँडवर कामगारांना पत्रकं वाटायचो. तिथल्या वजनाच्या यंत्रावर दर सोमवारी एक माणूस चढायचा. लोणी देवकरच्या एका कारखान्यानं त्याला अशक्त म्हणून घरी बसवलं होतं. पन्नास किलो भरलास तरच ये, असं मुकादमानं बजावलेलं. माणसाला पोत्यासारखं तोलणाऱ्यांची मला तेव्हा चीड यायची, आजही येते.

एका सोमवारी यंत्रातून पडलेल्या तिकिटावर पन्नासचा आकडा आला. मी ओरडलोच, "तात्या, जिंकलात की!"

तो बाकावर बसला आणि त्यानं पायजमा वर केला. घोट्याला काळा दोरा होता. पूर्वी त्याची टोकं बोटभर लोंबायची, आता गाठ जेमतेम बसली होती. त्यानं सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"काट्याला काय कळतंय लेका, आत रगत हाय का पाणी? माझा काटा ह्यो दोरा."

"मग दवाखान्यात चला. कामावर जाऊ नका."

"आन् खायाचं काय? तुजी पत्रकं?" तो हसला आणि हसण्यानंच त्याला धाप लागली.

मी हक्कांवर पानंच्या पानं लिहिली होती. हातातली पत्रकं मी पिशवीत सारली.

कारखान्याचा टेंपो आला. तात्यानं वजनाचं तिकीट खिशात जपून ठेवलं, वाकून दोरा सोडला आणि माझ्या हातात दिला.

"रुतलेला दिसला तर मुकादम इचारंल."

टेंपो त्याला घेऊन गेला. दोऱ्यावर जुन्या गाठींच्या खुणा होत्या, टोकाकडं सरकत गेलेल्या. शेवटच्या खुणेपुढं दोरा उरलाच नव्हता.