कॅचरची जागा

सिंगापूरमध्ये यिशुनच्या मैदानावर दर रविवारी सकाळी आम्ही मराठी बायका सॉफ्टबॉल खेळतो, असं सांगितलं की पुण्याचे नातेवाईक हसतात. हसू देत. आमच्यातल्या बऱ्याच जणी शाळेत असताना जिल्ह्याकडून खेळलेल्या आहेत. पुढे लग्न, मुलं, नवऱ्याची बदली, स्वतःची नोकरी, या सगळ्यात ग्लव्ह माळ्यावर गेले आणि इथे आल्यावर पुन्हा खाली निघाले. मी कॅचर. म्हणजे बॅट धरलेल्या बाईच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरने टाकलेला प्रत्येक बॉल अडवायचा. आमची पिचर माझी जुनी मैत्रीण, बँकेत आहे. इतकी वर्षं ती टाकते आहे आणि मी झेलते आहे. ती दमली की तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं.

मागच्या हंगामात आम्ही सपाटून मार खाल्ला. मग तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कॉफी घेत बैठक बसली. कॅप्टनचं म्हणणं होतं, दोन मुरलेल्या खेळाडू घ्याव्यात. दोघी नुकत्याच मुंबईहून नोकरीसाठी आल्या होत्या, विद्यापीठाकडून खेळलेल्या, चाळिशी उलटलेल्या. माझं डोकं तापलं.

"अगं, आपण काय कमी म्हाताऱ्या आहोत, म्हणून आणखी भरती करतेस?" मी म्हटलं. "आपल्या मुली इथल्या शाळांमधून खेळतात. त्यांना घे. एखादं वर्ष हरू, पण टीम तर उभी राहील."

मी टेबलावर हातसुद्धा आपटला. सगळ्यांना पटलं. कॅप्टनने जरा विचार केला आणि म्हणाली, "बरं. मग कॅचर तुझी लेक."

माझी सतरा वर्षांची लेक तिच्या शाळेची कॅचर आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण मुलींना घ्यायचं म्हणजे कोणाच्या तरी जागी घ्यायचं, आणि ती कोणीतरी मीच असेन, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. "अर्थात," असं म्हणून मी गार झालेली कॉफी संपवली.

आपल्याकडे कोणाला "आता पुरे" असं तोंडावर सांगत नाहीत, सत्कार करतात. पुढच्याच रविवारी कॅप्टन लिटिल इंडियातून शाल आणि शेंडीचा नारळ घेऊन आली. ऊन मी म्हणत होतं. ट्रॅक पँट आणि टी-शर्टवर लोकरी शाल पांघरून मी घामाने निथळत उभी, आणि पिचर माझ्याबद्दल चार शब्द बोलत होती. बोलता बोलता ती डोळे पुसायला लागली, तसा मला रागच आला.

"मी अजून मेलेली नाहीये गं," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या, मीही हसले. गुडघा दुखतो म्हणून आनंदाने बाजूला झाले, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले. गुडघा दुखतो एवढंच त्यात खरं होतं.

पहिल्या मॅचला लेक मास्क लावून माझ्या जागी बसली आणि मी बाकावर. पिचरचा एक बॉल असा आहे की तो सरळ येता येता एकदम खाली पडतो. सवय नसेल तर हमखास सुटतो. लेकीच्या हातून तो सुटला. पुन्हा सुटला. सुटलेल्या प्रत्येक बॉलवर समोरच्या मुली पळून धावा घेत होत्या. आणखी एकदा सुटला तेव्हा कॅप्टनने खेळ थांबवायला सांगितलं आणि माझ्याकडे आली.

"पॅड बांध. तूच जा."

लपवण्यात अर्थ नाही, मला आनंद झाला. पोटच्या पोरीची फजिती होत होती आणि मी लगबगीने पॅड बांधत होते. एका पायाचा बांधून झाला तेवढ्यात लेक मास्क काढून समोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले.

"आई, यू कम लाह," ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. "आय कान्ट. तुझीच जागा आहे ती."

दुसरा पॅड माझ्या हातात होता. मला ती जागा हवी होती. पण सुटले एकदाची, असा जो भाव तिच्या चेहऱ्यावर होता, तो मला बघवेना. आता उठून गेली तर ही पुन्हा तिथे बसायची नाही, हे मला स्पष्ट दिसलं.

"हातातल्या बॉलकडे बघू नकोस," मी म्हटलं. "मावशीच्या खांद्याकडे बघ. तो बॉल टाकायच्या आधी तिचा खांदा जरासा झुकतो. झुकला की गुडघे टेक आणि बॉल अंगावर घे."

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. पिचरलाही नाही.

"दॅट्स ऑल?"

"एवढंच. जा, बस."

ती गेली. थोड्या वेळाने पिचरने पुन्हा तोच बॉल टाकला. लेकीने गुडघे टेकले, बॉल तिच्या छातीवर आदळून समोरच पडला आणि तिने तो उचलला. पिचरने तिच्याकडे बघून हात वर केला, इतकी वर्षं माझ्यासाठी करायची तसाच. मी वाकून पायाचा पॅड सोडायला घेतला आणि मला रडू आलं. लेकीचा अभिमान वाटत होता, आणि मला अजून खेळायचं होतं.