खुर्चीत बसलेला कंदील

"आधी कंदील सोडावा, मग माणूस."

कोंडाजी हे इतक्या वेळा बोलायचा की सातपूरच्या त्या वर्कशॉपात कुणी जुनी मोटारसायकल घ्यायला निघालं, कुणी बहिणीसाठी स्थळ बघायला निघालं, तरी बाकीचेच आधी विचारायचे, "कंदील सोडला का रं?" आणि हसायचे. कोंडाजी हसायचा नाही. तो लेथवरच्या जॉबकडे बघत राहायचा.

वाक्य त्याच्या बापाचं होतं. बाप विहिरी खोदायचा, सिन्नरकडच्या कोरड्या माळांवर, जिथे पाण्याआधी काळा दगड लागतो आणि दगडाखाली पुन्हा दगडच. सुरुंग उडवला की तळाशी वाईट हवा साचते. पडीक विहिरीतही साचते. ती डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. म्हणून पेटता कंदील दोराला बांधून आधी तो खाली सोडायचा. ज्योत जगली तर माणूस उतरणार. एका चैत्रात कंदिलातलं तेल संपलं होतं. थोरला भाऊ मोतीराम म्हणाला, "पोहराच तर काढायचाय, हा आलो." मोतीराम वर आला तो दोराला बांधलेला. कोंडाजी तेव्हा अकरा वर्षांचा होता, आणि तो दोर ओढणाऱ्या हातांत दोन हात त्याचे होते.

त्यानंतर तो विहिरीत उतरला नाही. एक्क्याण्णव साली नाशिक शहरात आला, मल्हारीशेठच्या वर्कशॉपात आधी लोखंडाची बर, म्हणजे कापताना पडलेला कीस, झाडली, मग मशीन पुसलं, मग एक दिवस मशीन त्याचंच झालं. शाळा सातवीपर्यंत. पण ड्रॉइंग असं वाचायचा, जसा गावचा भगत माणसाचं तोंड वाचतो. कागदावरच्या रेघांत कुठं काय दडलंय ते त्याला बोटांनी कळायचं.

दोन हजार एक साली परदेशातला कुणी धनवान पैसे भरून अंतराळात आठवडाभर राहून आला, ही बातमी वेल्डर नियाजने चहाच्या वेळी वाचून दाखवली, तेव्हा सगळे आ वासून ऐकत होते.

"कोंडाजीभाऊ, सरकारी नोकर नाय, फौजी नाय. तिकीट काढून गेला, बोला!"

"गेला ते कळलं. आला कसा?"

"आला की. जमिनीवर उतरला."

"उतरवणारं कोण होतं?"

"आता ते पेपरात नाही लिहिलं, भाऊ."

"तेच लिहीत नाय कुणी," कोंडाजी म्हणाला. "जायचं सगळे सांगतात."

तीन वर्षांनी पुन्हा बातमी आली. कुठल्या खाजगी लोकांनी आपल्याच पैशाने यान बांधलं आणि ते आभाळाच्या काठाला शिवून परत आलं. या वेळी कोंडाजीची मुलगी भाग्यश्री ती बातमी कापून वहीत चिकटवत होती. ती तेव्हा अकरावीत होती. कोंडाजीने कात्रण दोनदा पाहिलं आणि विचारलं, "याचं दार कुठंय?" भाग्यश्रीने कपाळावर हात मारला.

दोन हजार सात साली आभाळ थेट सातपुरात आलं. मुंबईहून स्वराज नावाचा एक तरुण साहेब मल्हारीशेठकडे आला. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, हातात चकचकीत पुस्तिका. त्याची कंपनी म्हणे सामान्य माणसाला अंतराळात नेणार होती. यान परदेशात तयार होतंय, नावनोंदणी इथे सुरू आहे. लोकांना दाखवायला यानाची खोली हवी होती, खऱ्या मापाची. एक खुर्ची, एक गोल काच, एक दार.

खोली नियाजने वेल्डिंग करून जोडली. दाराला रबराची जाड कड बसवली, कारण कार्यक्रमात बाहेर पांढरा धूर सोडायचा होता आणि तो आत शिरता कामा नये. कोंडाजीकडे आली हवेची दोन तोंडं, ॲल्युमिनियमची, नळी जोडायला बाहेरून आटे पाडलेली. त्याने ड्रॉइंग उजेडात धरलं, उलटं करून पुन्हा धरलं.

"शेठ, याला आरपार भोक नाय दाखवलं."

"मग?"

"हवेचं तोंड हाय ना? हवा जाणार कुठनं?"

"अरे बाबा, दिखाव्याचं आहे ते. लोक आत डोकावणार, फोटो काढणार. ड्रॉइंगप्रमाणे कर."

कोंडाजीने ड्रॉइंगप्रमाणे केलं. तोंडं सुरेख झाली, आरशासारखी. पण त्या संध्याकाळी सायकल मारताना त्याला वाटत राहिलं की आपण खोटं बोललो आहोत, नुसतं तोंडाने नाही तर हाताने बोललो आहोत.

पंधरा दिवसांनी भाग्यश्री पेढे घेऊन घरी आली. आता ती बी.एस्सी.ला होती. तिने कुठली तरी परीक्षा दिली होती, मुलाखत दिली होती, आणि तीनशे मुलांतून तिची निवड झाली होती. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर कार्यक्रम होता. बंद यानात एकटीने आठ तास बसून दाखवायचं. ते जमलं की नाशिकच्या प्रवाशांच्या यादीत पहिलं नाव तिचं.

"कोणती कंपनी?" कोंडाजीने विचारलं. तिने पुस्तिका पुढे केली. पांढऱ्या शर्टातला स्वराज तीतून हसत होता.

पेढा कोंडाजीच्या हातातच राहिला.

"तू त्यात बसायचं नाय, भाग्या."

"का?"

"त्याला हवाच नाय. ती तोंडं मी केलीत. आतून बंद हायेत."

"आण्णा, नळी लावलेली मी डोळ्यांनी बघितली. आत हवेचा आवाजसुद्धा येतो."

"आवाज कशाचा येतो?"

तिने पुस्तिका मिटली. मग म्हणाली, "तुम्हाला सगळीकडे विहीरच दिसते. दहा वर्षं मी हेच स्वप्न बघितलं, आणि तुम्ही दार कुठंय विचारत बसलात. आणि समजा, असंच असेल, तर भोक नाही हे बनवतानाच का नाही सांगितलंत?"

कोंडाजीने हातातला पेढा खोक्यात परत ठेवला. शेठला सांगितलं होतं हे खरं. पण सांगून जॉब केला होता, हेही खरंच.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी साडेसातला तो लॉन्सवर पोचला. हातात बापाचा कंदील, काच घासून लख्ख केलेली, तेल काठोकाठ भरलेलं. नियाज धुराच्या यंत्रापाशी उभा होता. कंदील बघताच त्याने डोक्याला हात लावला. "या अल्ला! भाऊ, इथं पण?"

स्वराज पुढे आला. "काका, हे काय?"

"साहेब, पोरगी दहाला बसणार. तोवर हा बसू द्या. जगला तर मी टाळ्या वाजवीन."

"अंतराळात कंदील!" स्वराज जोरात हसला. दोन वार्ताहर तिथे होते. एकाला फोटोची कल्पना आवडली. तो म्हणाला, मजा येईल, बसवा. फोटोसाठी स्वराजने स्वतः कंदील खुर्चीत ठेवला आणि पट्टा बांधला. दार लागलं, रबर दाबून बसलं. आठ वाजले होते.

लोक जमत गेले. स्पीकरवर गाणी लागली. निळा सूट घातलेली भाग्यश्री बापाशी बोलायला आली नाही. पण गोल काचेपाशी ती तीनदा येऊन गेली. पहिल्यांदा ज्योत सरळ होती. दुसऱ्यांदा बुटकी झाली होती. तिसऱ्यांदा ती तिथून हललीच नाही. वातीवर पिवळा मणी तेवढा उरला होता. तो निळा झाला, थरथरला आणि गेला. पावणेदहा व्हायचे होते.

दार उघडून कोंडाजीने कंदील बाहेर काढला आणि सगळ्यांच्या कानाशी हलवला. आतलं तेल डुचमळलं.

"अहो, कंदील माणसापेक्षा जास्त हवा खातो," स्वराज म्हणाला. "हे सायन्स आहे."

"आसंल. मी शिकलेला नाय," कोंडाजी म्हणाला. "मग तुम्हीच बसा. आठ तास नको. दार लावून चार तास बसा. मी इथंच उभा ऱ्हातो."

कुणीतरी मागून ओरडलं, "बसा की साहेब!" वार्ताहरांनी कॅमेरे वर केले. स्वराजने मोबाइल कानाला लावला. तो वाजला नव्हता हे पुढच्या रांगेला दिसलं.

तेव्हा भाग्यश्री पुढे झाली. "सर, हवा आत कुठून येते?"

"खऱ्या यानात वेगळी व्यवस्था असते. हे फक्त..."

"मी ह्यात बसणार होते, सर. ह्यात कुठून येते?"

यानाच्या उघड्या दारातून आत जाऊन, आवाज येत होता तिथे, तिने वाकून भिंतीच्या तळाशी हात घातला. हवेचा आवाज तिथल्या छोट्या स्पीकरमधून येत होता. तिने वायर ओढली आणि आवाज थांबला. बाहेरच्या धुराच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

गर्दीतून मल्हारीशेठ कोंडाजीच्या जवळ आला. चेहरा लालबुंद. "माझी ऑर्डर घालवलीस. उद्यापासून..."

"उद्यापासून येत नाय, शेठ. तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगतो," कोंडाजी म्हणाला. "पण हे दोन जॉब माझे हायेत. नियाज, पाना दे."

नियाजने शेठकडे बघितलं नाही. खिशातून पाना काढून दिला. कोंडाजीने हवेची दोन्ही तोंडं खोलून काढली, डोळ्यासमोर धरली, आभाळाकडे रोखून बघितली. त्यातून आभाळ दिसलं नाही. ती त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली.

मुलीसमोर तो थांबला. "तुला वर जायचं आसंल तर जा," तो म्हणाला. "माझी ना नाय. खरं यान आलं की मला दाखव. तोंड मी करून देतो."

भाग्यश्रीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बापासाठी होतं की यानासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग तो निघाला. एका हातात विझलेला कंदील, खिशात दोन जड तोंडं, त्यामुळे सदरा एका बाजूला ओढलेला. वार्ताहर स्वराजला शोधत होते, स्वराज गाडी शोधत होता, शेठ खोलीभोवती फेऱ्या मारत होता. कोंडाजीला जाताना दोघांनीच पाहिलं. नियाजने, हातात परत आलेला पाना धरून. आणि भाग्यश्रीने, निळ्या सुटात, यानाच्या उघड्या दारात उभं राहून. गंगापूर रोडच्या उन्हात कंदिलाची काच दोनदा चमकली, तिसऱ्यांदा चमकली, आणि मग नुसता रस्ता राहिला.